बिब्ब्याचे ‘फूल’ आणि काजूचे ‘बोंड’ : एका परिभाषेची पार्श्वभूमी

पानझडी रानात हिवाळ्याच्या अखेरीस बिब्ब्याच्या झाडाखाली पडलेले फळ उचलून पाहिले, तर त्याचे दोन भाग स्पष्ट दिसतात : टोकाकडे तिरकस हृदयाच्या आकाराचा काळा, चकचकीत बिब्बा आणि देठाकडे त्याला धरून असलेली नारिंगी, मांसल बैठक. ही बैठक वाळवून ‘बिब्ब्याची फुले’ या नावाने विकली जाते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती फूल नाही आणि फळही नाही. फुलाच्या देठाचे टोक व पुष्पासन (फुलाचे भाग ज्यावर बसलेले असतात तो तळ) फुगून ती तयार होते. खरे फळ म्हणजे तो काळा बिब्बा आणि त्याच्या आतील बी म्हणजे गोडंबी.

आयुर्वेदात भल्लातक म्हणून ओळखला जाणारा हा वृक्ष मूळचा इथलाच आहे. त्याच्या फळाच्या हृदयासारख्या आकारामुळे जुन्या युरोपीय औषधशास्त्राने त्याला ‘अनाकार्डियम’ म्हटले होते; परंतु 1753 मध्ये वनस्पतींच्या द्विनाम पद्धतीत हे नाव ब्राझीलच्या काजूच्या प्रजातीला दिले गेले. बिब्ब्याच्या प्रजातीला पुढे ‘खूण करणारे फळ’ अशा अर्थाचे नाव मिळाले, कारण परीट त्याच्या तेलाने कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करीत. काजू पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्यात आला होता आणि त्याच्या फुगलेल्या देठाला कोकणात ‘बोंड’ किंवा ‘बोंडू’ हे नाव मिळाले.

खरा गुंता विसाव्या शतकातील परिभाषेने वाढवला. राज्यस्थापनेनंतर मराठीतून विज्ञान शिकवण्यासाठी फळांच्या प्रकारांना नावे देताना मृदुफळ, अश्मगर्भी फळ, शिंबा, कृत्स्नफळ असे शब्द रुळले आणि आपोआप तडकणाऱ्या कोरड्या फळासाठी ‘बोंड’ निश्चित झाले. कपाशीचे आणि अफूचे बोंड डोळ्यांसमोर ठेवले तर ही निवड योग्यच होती. मात्र त्यामुळे काजूच्या बागेत वाढलेल्या विद्यार्थ्याला घरी रसाळ, न तडकणारे बोंड आणि वर्गात कोरडे, तडकणारे बोंड अशा दोन परस्परविरोधी वस्तू एकाच शब्दाखाली शिकाव्या लागतात. फुगलेल्या देठासाठी ‘आभासी फळ’ हा पर्याय पुढे आला. तो शास्त्रदृष्ट्या चुकीचा नसला, तरी माझ्या मते अपुरा आहे. बीजप्रसाराचे काम करतो तो हा तथाकथित आभासी भागच. बिब्ब्याच्या सालीत त्वचेवर फोड उठवणारे तेल असते आणि ते बीचे रक्षण करते. मांसल बैठक पक्ष्यांना व प्राण्यांना रंगाने आणि गराने बोलावते, आणि खाणारा बैठक खाऊन बिब्बा टाकून देतो. ऐनाच्या फळाला पाच पंख असतात, सावरीचे बी फळाच्या आतल्या भिंतीपासून निघालेल्या कापसासह उडते. त्यांना वारा पुरतो. बिब्ब्याला मात्र खाणारा हवा, आणि ज्या भागावर ही सारी भिस्त आहे त्याला आभासी म्हणणे मला पटत नाही. लोकांनी दिलेल्या ‘फूल’ या नावात निदान आकर्षणाचा धागा तरी आहे. ‘कामात बिब्बा घालणे’ या वाक्प्रचारात भाषेने तेलाचा त्रास तेवढा लक्षात ठेवला, बैठकीची गोडी नाही.

1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेनंतर कोकणात काजूची लागवड वेगाने वाढली, आणि अनेक डोंगरउतारांवर मिश्र झाडोऱ्याच्या जागी एकाच जातीच्या बागा उभ्या राहिल्या. शेतकऱ्याला हमखास उत्पन्न हवे होते, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. पण अशा बागेत आधीच्या रानातील फळे, पंखांचे बी आणि ते वाहणारे प्राणी यांची साखळी टिकत नाही. दरम्यान विदर्भात गोडंबी फोडणाऱ्या बायकांचे हात बिब्ब्याच्या तेलाने भाजत राहिले. गोडंबीचा व्यापार चालतो, तरीही आभासी फळाचे उदाहरण देताना पाठ्यपुस्तकांत सफरचंद, स्ट्रॉबेरी आणि काजू येतात. याच मातीतला बिब्बा तिथे दिसत नाही.