बॅटरी बसली आणि ग्लोव्ह बॉक्स अडकला, तर?

मे महिन्याच्या अखेरीस वाडीत मांगराशेजारी उभी केलेली गाडी गणपतीच्या तोंडावर बाहेर काढायची असते आणि किल्लीचं बटण दाबून काहीच होत नाही. किल्लीत दडवलेलं धातूचं पातं काढून ड्रायव्हरचं दार उघडता येतं. ग्लोव्ह बॉक्स मात्र ढिम्म राहतो, कारण तो विजेवर उघडणारा असेल तर त्याला ओढायला हँडलच नसतं. काही गाड्यांत डॅशबोर्डवर एक सपाट बटण असतं. टेस्लाच्या मॉडेल ३ आणि मॉडेल वायमध्ये तेही नाही, तिथे स्क्रीनवरूनच झाकण उघडतं. चाकाच्या लॉक-नटाचा सॉकेट आणि गाडीचं मॅन्युअल नेमकं त्या झाकणाआड असतं.

अशा वेळी पहिला मोह होतो तो स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून झाकण उचकटण्याचा. तो टाळा. झाकण धरून ठेवणाऱ्या विजेच्या खटक्याला उघडायला वीज फारच थोडी लागते, आणि तेवढी वीज कोकणातल्या कुठल्याही वाडीत मिळते.

आधी बॅटरी का बसली ते पाहू. गाडी बंद असतानाही अलार्म, किल्लीची वाट पाहणारा रिसीव्हर आणि कॉम्प्युटरची स्मृती मिळून साधारण ३५ मिलिअँपिअर करंट ओढतात. दिवसाला ०.८४ अँपिअर-अवर, म्हणजे साठ दिवसांत ५० अँपिअर-अवर. बऱ्याच छोट्या गाड्यांची बॅटरी ३५ ते ४५ची असते. इलेक्ट्रिक गाडीतही सुटका नाही. तिची मोठी बॅटरी भरलेली असली, तरी ती गाडीला जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विच, १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात. छोटी बसली की मोठी असून नसल्यासारखी.

खटक्याची रचना साधी आहे. बटण दाबलं की गाडीचा बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, कुलपं सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) एका सोलेनॉइडला किंवा दातेरी चक्रं लावलेल्या छोट्या मोटरला क्षणभर वीज देतो. सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि त्यात सरकणारी लोखंडी कांडी. कांडी आत खेचली गेली की खटका सुटतो आणि झाकण स्वतःच्या वजनाने खाली येतं. यातली मेख अशी की सोलेनॉइडची ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १२ऐवजी ९ व्होल्ट मिळाले तर ओढ पाऊण होत नाही, निम्म्याच्या आसपास येते: ५६ टक्के. त्यामुळे दिवे मिणमिणत लागतात, पण खटका सुटत नाही.

किनारपट्टीवर यात आणखी एक भर पडते. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ कनेक्टरच्या पिनांवर बसतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. (पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं, तेच हे.) मालवण, देवगड, गुहागर भागात जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ याच्या वरच असते, म्हणजे पिनांवर खाऱ्या पाण्याचा थर जवळजवळ कायम. तांब्यावर बुरशीसारखा हिरवट-पांढरा गंज धरतो तो यातूनच. ४ ओहमच्या सोलेनॉइडच्या वाटेत अशा गंजाने १ ओहमचा रोध आणला, तर करंट ३ अँपिअरवरून २.४वर येतो आणि ओढ ६४ टक्केच उरते. बॅटरी ठणठणीत असूनही खटका अडतो.

म्हणून हत्यार उचलण्याआधी कान द्या. दार बंद करा, पंखा बंद ठेवा आणि बटण दाबा. ‘टक्’ असा आवाज आला तर वीज पोचते आहे, खटका यांत्रिकपणे अडला आहे. काहीच आवाज नाही तर वीज नाही, किंवा फ्यूज उडाला आहे. मल्टिमीटर असेल तर बॅटरी मोजा: पूर्ण भरलेली १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, १२च्या खाली जवळजवळ रिकामी. बॅटरी चांगली असून बॉक्स उघडत नसेल, तर सेटिंगमध्ये ग्लोव्ह बॉक्सला पिन, म्हणजे आकड्यांचा पासवर्ड, लावलेला नाही ना, तेही पाहा.

‘टक्’ येत असेल तर सर्वांत गुणकारी उपाय फुकट आहे. एकाने बटण दाबायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने झाकण तळव्याने घट्ट आत दाबून धरायचं. आत कोंबलेल्या फायली झाकण बाहेर रेटत असतात. तो सगळा भार खटक्याच्या जिभेवर येतो, आणि भार जितका जास्त तितकं घर्षण जास्त. झाकण आत दाबलं की जीभ मोकळी होते आणि अशक्त सोलेनॉइडही ती सरकवतो. हे सकाळच्या गारव्यात करा. चाळीस सेंटिमीटर रुंदीचं प्लॅस्टिकचं झाकण ३० अंशांनी तापलं तर सुमारे एक मिलिमीटर फुगतं, आणि खटक्याची फट तेवढीच असते.

वीजच नसेल तर ती बाहेरून द्यायची. बॉनेट उघडायची तार यांत्रिक असेल तर बॅटरीपर्यंत पोचता येतं. शेजारच्या गाडीवरून जंप केबल लावताना लाल चिमटा आधी बसलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळा आधी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि शेवटचा काळा चिमटा आपल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असू शकतो. हवेत ४ टक्के हायड्रोजनही पेट घ्यायला पुरतो.

दुसरी गाडी नसेल तर पाठीवरच्या फवारणी पंपाची बॅटरी चालते. ती १२ व्होल्टची आहे हे लेबलवर पाहून घ्या. ती साधारण ८ अँपिअर-अवरची असते. इंजिन तिच्यावर सुरू होणार नाही, पण झाकण उघडायला ती भरपूर झाली. एक चूक मात्र बरेच जण करतात: छोटी बॅटरी थेट बसलेल्या बॅटरीला जोडतात. मोठी रिकामी बॅटरी तिची सगळी वीज पिऊन टाकते आणि वायरी तापतात. म्हणून दहाच्या पान्याने गाडीच्या बॅटरीचं ऋण टर्मिनल आधी सोडवा. मग छोट्या बॅटरीचं धन टोक गाडीच्या धन टर्मिनलला आणि ऋण टोक त्या सुटलेल्या काळ्या केबलच्या क्लॅम्पला जोडा. मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज हवाच. धन-ऋण उलटं झालं तर कॉम्प्युटर जळू शकतो, तेव्हा जोडण्याआधी पुन्हा एकदा पाहा. हेडलाइट आणि पंखा बंद ठेवा, स्टार्टर मारू नका. किल्ली खिशात ठेवा आणि एक दार उघडं ठेवा, कारण वीज येताच सेंट्रल लॉक बंद होऊ शकतं. मॉड्यूल जागा व्हायला मिनिटभर द्या, मग बटण दाबा. ही युक्ती पेट्रोल-डिझेल गाडीपुरतीच. इलेक्ट्रिक गाडीत मॉडेलनुसार ठरवून दिलेल्या टोकांनाच वीज द्यावी, आणि उच्च दाबाच्या नारिंगी केबलला कुणीही हात लावू नये.

एवढं करूनही झाकण हललं नाही, तर बाजूने जायचं. डाव्या बाजूचं दार उघडलं की डॅशबोर्डच्या टोकाला एक झाकणी दिसते. बऱ्याच गाड्यांत ती नुसत्या क्लिपांवर असते आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने सुटते. तिच्या आत किंवा खालच्या पॅनेलमागे काही गाड्यांत खटक्याचा दांडा किंवा बिजागरीचे स्क्रू हाताला लागतात. यापूर्वी बॅटरीचं ऋण टर्मिनल काढून (छोटी बॅटरी जोडली असेल तर तीही सोडवून) किमान दहा मिनिटं थांबा. डाव्या सीटची एअरबॅग ग्लोव्ह बॉक्सच्या लगेच वर असते आणि तिच्या मॉड्यूलमधले वीज साठवणारे कपॅसिटर काही वेळ भारित राहतात. एअरबॅगचा पिवळा कनेक्टर दिसला तर तिथे हात घालू नका.

सोलेनॉइडच हाती लागला, तर त्याचा दोन तारांचा कनेक्टर आधी काढा, म्हणजे वीज उलटी मॉड्यूलमध्ये जाणार नाही. मग १२ व्होल्टच्या बॅटरीने अर्धा सेकंद स्पर्श करा. फक्त अर्धा सेकंद. १२ व्होल्ट आणि ३ अँपिअर म्हणजे ३६ वॅट. सोल्डरिंग करायची कांडी साधारण तेवढ्यावरच कथील वितळवते, आणि इथे ती उष्णता अंगठ्याएवढ्या वेटोळ्यात कोंडते. मोटर असेल आणि नुसती गुरगुरली, तर तारा उलट करून पाहा. मल्टिमीटरमधल्या ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीने मात्र काम होत नाही. तिचा आतला रोधच दीड-दोन ओहमचा असतो, त्यामुळे ओढ पावभर उरते.

झाकण उघडल्यावर खटक्यात अडकलेली कागदाची कड काढा. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून वाळवा आणि त्यावर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस लावा. खटक्याच्या जिभेला सिलिकॉन ग्रीस. खोबरेल तेल मुळीच नको. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि थंडीत पहाटे किनाऱ्यावरही पारा तिथे उतरतोच. शिवाय त्यावर धूळ बसून चिकटा होतो. थंड हवेची नळी असलेला ग्लोव्ह बॉक्स असेल तर पावसाळ्यात तिची झडप बंद ठेवा. गार पृष्ठभागावर दमट हवेचं पाणी सुटतं आणि खटक्याची स्प्रिंग गंजते.

आणि खटका समोर उघडा असतानाच, त्याच्या दांड्याला मासेमारीच्या जाड तंगुसाचा वीतभर फास बांधून ठेवता येतो. एअरबॅगच्या वायरींपासून दूर, बाजूच्या झाकणीमागे त्याचं टोक सोडा. तंगूस नायलॉनचा असतो, गंजत नाही. झाकण बंद करण्याआधी एकदा ओढून खटका सुटतो ना, हे तपासा.