गॅरेजचं जळकं ऑइल आणि वॉशिंगचं पाणी: प्रदूषण मंडळाची परवानगी कशी काढायची?

सेंट्रिंगवाला येतो, दोन कॅन जळकं ऑइल उचलतो, हातावर रोख ठेवतो आणि जातो. फळ्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून त्याला ते लागतं. कुणाला वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासायला हवं असतं. हा व्यवहार इतका जुना आहे की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतच नाही. कागदावर मात्र ते ऑइल 'घातक कचरा' आहे, नियमांच्या यादीतला प्रवर्ग ५.१, आणि ते कुठे गेलं याचा जाब गॅरेजमालकालाच द्यावा लागतो.

परवानग्या दोन आहेत. पहिली म्हणजे १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा वायू कायदा यांखालचं संमतीपत्र. नवं गॅरेज असेल तर आधी स्थापनेची संमती आणि मग चालवण्याची. दुसरी म्हणजे ४ एप्रिल २०१६ च्या घातक कचरा नियमांखालचं प्राधिकारपत्र, ज्याला सगळे ऑथरायझेशनच म्हणतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ दोन्ही एकत्र देतं आणि अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. गोव्यात नियम हाच, अर्ज तिथल्या राज्य मंडळाकडे.

"आमचं गॅरेज छोटं आहे, आम्हाला कशाला?" हा पहिला प्रश्न असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रदूषणाच्या प्रमाणावरून व्यवसायांचे रंगांचे गट पाडतं, आणि त्याच्या २०१६ च्या वर्गवारीत वाहनांची सर्व्हिसिंग, दुरुस्ती आणि पेंटिंग हा व्यवसाय नारिंगी गटात होता. फक्त इंधन विकणारा पंप त्यातून वगळला होता. घातक कचऱ्याच्या नियम ६ मध्ये 'इतक्या लिटरच्या आत सूट' अशी रेषा नाही. संमतीपत्र लागणाऱ्या आणि असा कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकाने अर्ज करायचा आहे. वर्गवारीची यादी अधूनमधून सुधारली जाते, २०२५ मध्येही सुधारली गेली, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी मंडळाच्या संकेतस्थळावर आपला गट एकदा बघून घ्या. शुल्क आणि मुदत त्यावरच ठरते.

फॉर्मच्या आधी फरशी

एजंटाला पैसे देऊन फॉर्म भरून मिळतो, पण त्यातले आकडे एजंटाला ठाऊक नसतात. तो जुन्या अर्जातले उचलून टाकतो आणि तपासणीच्या वेळी तिथेच गाडी अडते. तेव्हा फॉर्म उघडण्याआधी एक दिवस गॅरेजात उभं राहून बघा, कोणतं द्रव कुठून निघतं आणि कुठे जातं.

हिशोब सोपा आहे. दिवसाला पाच गाड्यांचं ऑइल बदलत असाल आणि गाडीमागे सरासरी ३ लिटर निघत असेल, तर रोज १५ लिटर. ३०० कामाच्या दिवसांचे ४,५०० लिटर, वजनात सुमारे ४ टन. दोनशे लिटरचं पिंप तेरा-चौदा दिवसांत भरतं. आता अर्जात कुणी 'वर्षाला २०० लिटर' लिहिलं आणि कपाटात नव्या ऑइलच्या खरेदीची बिलं ४,००० लिटरची असली, तर अधिकाऱ्याला फार डोकं चालवावं लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: जळकं ऑइल एकटंच ठेवा. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल एका पिंपात चालतं. कूलंट, ब्रेक ऑइल, थिनर त्यात ओतलं की पिंप बिघडलं. ब्रेक ऑइल नावाचंच ऑइल; सर्वसाधारण गाड्यांतलं ते ग्लायकोलच्या जातीचं असतं, खनिज तेल नव्हे. पुनर्प्रक्रियेला जाणाऱ्या वापरलेल्या तेलाला नियमांच्या अनुसूची ५ मध्ये मर्यादा घातल्या आहेत, शिशाची १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) ही त्यातलीच एक. भेसळीचं पिंप एकतर पाडून मागितलेल्या भावात जातं, नाहीतर घेणारा हातच लावत नाही. मग ते जाळायला किंवा विल्हेवाटीला पाठवायचा खर्च तुमच्या अंगावर.

कूलंटचा कॅन झाकणाचा हवा. एथिलीन ग्लायकोल चवीला गोड असतं, गॅरेजात झोपणारं कुत्रं ते चाटतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतं. बॅटरीचं ॲसिड तर ओतायचंच नाही. २०२२ च्या बॅटरी नियमांप्रमाणे जुनी बॅटरी गोळा करणाऱ्याकडे किंवा पुनर्प्रक्रियाकाराकडे जायला हवी; ती आहे तशी, ॲसिडसकट द्या.

कचरा कमी करण्याचं बरंचसं काम फुकटात होतं. इंजिन कोमट असताना ड्रेन नट काढला तर ऑइल पूर्ण उतरतं. जुना फिल्टर रात्रभर जाळीवर पालथा ठेवला तर त्यातलं ऑइल पिंपात येतं, कचऱ्यात जात नाही. पार्ट धुतलेलं डिझेल एका उभ्या डब्यात ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं. सांडलेल्यावर थेट पाणी मारू नका; आधी भुसा टाकून तो झाडून घ्या. तो भुसा आणि पुसायच्या चिंध्या याही घातक कचऱ्यातच मोजल्या जातात, चिंध्यांचा प्रवर्ग ३३.२. अर्जात त्यांचे किलो लिहायला लोक हमखास विसरतात.

वॉशिंगचं पाणी

रॅम्पचं पाणी कुठे सोडता हे फॉर्ममध्ये स्पष्ट विचारतात, आणि 'गटार' एवढं उत्तर पुरत नाही. महापालिकेच्या ड्रेनेज लाइनमध्ये सोडत असाल तर तेल-ग्रीसची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे २० मिलिग्रॅम आहे. पावसाळी गटार शेवटी नाल्यात जातं आणि नाल्यासाठी मर्यादा १० मिलिग्रॅम. तेव्हा लाइन कोणती आहे ते आधी झाकण उचलून बघा.

किमान तीन खणांचा ऑइल ट्रॅप लागतो. पहिल्या खणात वाळू-चिखल बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगतं, आणि तिसऱ्याकडे जाणारा पाइप एल्बो लावून खाली तोंड केलेला असतो, म्हणजे तो पाणी खालून उचलतो आणि तेल मागे राहतं. या एल्बोवर सगळा खेळ आहे. तो निखळला तर ट्रॅप म्हणजे नुसता हौद. दुसरा घात करतो साबण. कडक पावडर टाकली की तेलाचे बारीक थेंब पाण्यात मिसळतात, पाणी दुधाळ दिसतं आणि ट्रॅपमधून सरळ बाहेर पडतं. इंजिन धुतलेलं साबणाचं पाणी शक्यतो वेगळं धरा. ट्रॅपवरून काढलेलं तेल पुन्हा घातक कचराच, प्रवर्ग ३५.४.

पाणी किती लागतं हे अंदाजाने लिहू नका. टाकीच्या पाइपवर साधा मीटर बसवा, महिन्याभराचा आकडा मिळेल. बादली-नळीवरून प्रेशर वॉशरवर गेलात तर तो आकडा खाली येतो, आणि ट्रॅपही लहान बांधावा लागतो.

कागद

उद्यम नोंदणी, गुमास्ता आणि स्थानिक संस्थेचा परवाना, जागेचा सात-बारा किंवा भाडेकरार, वीज आणि पाण्याचं बिल, सही करणाऱ्याचं ओळखपत्र हे बहुतेकांकडे असतंच. गॅरेजच्या नकाशात रॅम्प, पिट, ट्रॅप आणि पिंपांची जागा दाखवा. हाताने काढलेला चालेल, मापं हवीत. सीएकडून एकूण भांडवली गुंतवणुकीचा दाखला घ्या. त्यात घसारा वजा करायचा नाही, कारण शुल्क त्या आकड्यावर ठरतं. सीए सवयीने ताळेबंदातला घसारा वजा केलेला आकडा देतो आणि अर्ज त्रुटीत परत येतो. ऑथरायझेशनसाठी नमुना १ भरायचा, त्यात प्रवर्ग, प्रमाण, साठवण आणि विल्हेवाट येते. चिंध्या, गाळ यांसाठी घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्राचं सदस्यत्व लागतं. अशी केंद्रं तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत. सदस्यत्वाचं पत्र आधीच काढून ठेवा.

अर्ज उपप्रादेशिक कार्यालयाकडे जातो आणि क्षेत्र अधिकारी जागेवर येतो. ऑथरायझेशनवर १२० दिवसांत निर्णय व्हायला हवा, असं नियम सांगतो. प्रश्न विचारला गेला की उत्तर पोर्टलवरच द्या. फोनवर सांगितलेलं कुठेही नोंदलं जात नाही.

हातात आल्यावर

पिंपं छताखाली, पक्क्या फरशीवर आणि भोवती बांध घालून ठेवायची. प्रत्येकावर नमुना ८ चं चकाकत्या पिवळ्या रंगाचं लेबल, त्यावर 'घातक कचरा' हे शब्द मराठीतही. साठवण ९० दिवसांपर्यंतच. वर्षाला १० टनांच्या आत असणाऱ्यांना मंडळ १८० दिवस देऊ शकतं, पण ते आपोआप मिळत नाही. अर्जातच मागून घ्या. पाच गाड्यांच्या गॅरेजला ९० दिवसांत सहा पिंपांची जागा लागते, १८० दिवसांत अकरा-बारांची. जागा नसेल तर मुदत मागण्यात अर्थ नाही.

ऑइल फक्त नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराला किंवा त्याच्या वतीने गोळा करणाऱ्यालाच द्यायचं. १ एप्रिल २०२४ पासून ल्युब ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आली आहे, आणि गोळा करणाऱ्यांनाही केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. तो नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. प्रत्येक खेपेला नमुना १० चा मॅनिफेस्ट, म्हणजे माल कुठून कुठे गेला याचा कागद, बनतो, त्याच्या सात रंगीत प्रती असतात. पिवळी तुमच्याकडे राहते. निळी माल पोचल्यावर घेणाऱ्याकडून परत यायला हवी. ती आली नाही तर माल पोचला की वाटेत सेंट्रिंगवाल्याकडे उतरला, हे तुम्हाला सांगता येणार नाही.

रोजची नोंद नमुना ३ मध्ये. वर्षाचं विवरण नमुना ४ मध्ये, ३० जूनपर्यंत. ते भरताना खरेदीची बिलं, रजिस्टर आणि निळ्या प्रती शेजारी ठेवा, तिन्ही आकडे जवळपास जुळले पाहिजेत. ऑथरायझेशन पाच वर्षांचं असतं. नूतनीकरणाचा अर्ज संपण्याच्या तीन महिने आधी टाकता येतो. ती तारीख पिंपांच्या वरच्या भिंतीवर रंगवून घेतलेली बरी, कॅलेंडर दरवर्षी बदलतं.