स्नेअर की क्लॅप? नॉइज एकच, घडण वेगळी

व्हीसीव्ही रॅकमध्ये, म्हणजे मॉड्यूल केबलींनी जोडून आवाज घडवायच्या संगणकावरच्या सिंथेसायझरमध्ये, ड्रमचे आवाज घडवायला बसलं की पहिला प्रयोग बहुधा हाच होतो: नॉइज मॉड्यूलमधून व्हाइट नॉइज (सगळ्या कंप्रतांची सरमिसळ असलेली खरखर) घ्यायची, व्हीसीएमधून (आवाजाची पातळी कमी-जास्त करणाऱ्या मॉड्यूलमधून) न्यायची आणि एडीएसआरने (आवाज कसा चढेल-उतरेल ते ठरवणाऱ्या एन्व्हलपने) तिला छोटासा झटका द्यायचा. 'छस्स' असं काहीतरी वाजतं. कुणी त्याला स्नेअर म्हणतं, कुणी क्लॅप (टाळी). माझ्या मते तो दोन्ही नव्हे. गोंधळ होणं मात्र साहजिक आहे, कारण दोन्ही आवाज दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतात आणि पुष्कळ गाण्यांत एकत्रच वाजतात.

स्नेअर हा मुळात ड्रम आहे. वरच्या पडद्यावर काठी पडते, आतली हवा घुमते आणि खालच्या पडद्याला लागून ताणलेल्या तारा थरथरतात. त्यामुळे पॅचमध्ये, म्हणजे मॉड्यूलांच्या जोडणीत, नॉइजच्या जोडीला अंग हवं, म्हणजे सूर हवा. दोन व्हीसीओ (सूर देणारी मॉड्यूल) घ्या, साइन (साध्या गुळगुळीत लाटेचा) आउटपुट वापरा, एक १८० हर्ट्झच्या आसपास लावा आणि दुसरा ३३० च्या. नॉइज व्हीसीएफच्या (फिल्टर मॉड्यूलच्या) हायपास आउटपुटमधून, म्हणजे फक्त वरच्या कंप्रता सोडणाऱ्या बाजूने, काढा. सुराला एक एडीएसआर आणि नॉइजला दुसरा, हे महत्त्वाचं: अंग लवकर विझतं, तारा थोड्या जास्त वेळ सळसळतात. दोन्हींत अटॅक (चढायचा वेळ) आणि सस्टेन (टिकून राहायची पातळी) शून्यावर. रोलंडच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनमध्येही स्नेअरची मांडणी अशीच आहे, दोन सूर आणि वर फिल्टर केलेली नॉइज.

क्लॅपमध्ये सूर जवळजवळ नसतोच. त्याची ओळख वेळेत आहे. आरतीला चार जण टाळ्या वाजवतात तेव्हा आठही हात नेमक्या एका क्षणी कधीच पडत नाहीत, काही मिलिसेकंद मागेपुढे होतातच. ८०८ च्या क्लॅपने हेच पकडलं: सुमारे दहा-दहा मिलिसेकंदांच्या अंतराने नॉइजचे लागोपाठ झटके आणि मग खोलीत घुमल्यासारखी शेपटी.

हे जमवायला पटकन सुचणारी वाट म्हणजे नॉइजचा एक झटका डिलेमध्ये (आवाज थोड्या वेळाने परत देणाऱ्या मॉड्यूलमध्ये) घालून तो पुन्हा पुन्हा वाजवणं. ती टाळा. डिले त्याच नॉइजची हुबेहूब नक्कल परत देतो आणि नकला एकमेकींवर चढल्या की आवाजाला पत्र्यासारखी झाक येते. चार माणसांच्या टाळ्या एकमेकींच्या नकला नसतात. म्हणून नॉइज अखंड वाहू द्या आणि फक्त व्हीसीएचं दार उघडा-मिटा. त्यासाठी एलएफओचा (संथ लाटा देणाऱ्या मॉड्यूलचा) सॉ, म्हणजे करवतीच्या दातासारख्या लाटेचा, आउटपुट घ्या, ऑफसेट आणि इन्व्हर्ट ही दोन्ही बटणं चालू करा, वेग १०० हर्ट्झवर न्या आणि ट्रिगरची (आवाज सुरू करणाऱ्या इशाऱ्याची) एक केबल त्याच्या रिसेटला जोडा, म्हणजे लाट दर वेळी पहिल्यापासून सुरू होते. ही लाट तीसेक मिलिसेकंदांच्या एन्व्हलपने कापली की तीन धारदार झटके मिळतात. इन्व्हर्ट विसरलात तर प्रत्येक झटका फुगत जाऊन तुटतो, टाळीसारखा आदळत नाही. शेपटीसाठी वेगळा एडीएसआर आणि वेगळा व्हीसीए, डीके (विझायचा वेळ) शंभर-दीडशे मिलिसेकंद, पातळी झटक्यांपेक्षा कमी.

फिल्टरही वेगळा लागतो. क्लॅपचा जोर एक किलोहर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे बँडपास, फक्त मधला पट्टा सोडणारा फिल्टर, हवा. रॅकच्या मूळ संचातल्या व्हीसीएफला लोपास (खालच्या कंप्रता सोडणारा) आणि हायपास एवढेच आउटपुट आहेत, तेव्हा दोन व्हीसीएफ एकापुढे एक जोडा: पहिल्याचा हायपास, दुसऱ्याचा लोपास. माझ्या कानाला क्लॅपचा निम्मा जीव या फिल्टरमध्येच आहे.

दोन्ही आवाज एकाच मात्रेवर लावणार असाल तर स्नेअरच्या नॉइजचा डीके आखडता घ्या, नाहीतर क्लॅपची शेपटी तिच्याखाली बुडून जाते.