आधी रक्त दिसतं, फुगा नंतर

म्हातारपणी एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं की घरात पहिला अंदाज मोतीबिंदूचा, दुसरा शुगरचा, आणि तपासायला गेलं की डोळ्याच्या पडद्याखाली (रेटिनाखाली) रक्त बघून वयोमानाचा पडद्याचा आजार, म्हणजे एएमडी, असं निदान होऊ शकतं. काहींच्या बाबतीत मात्र भानगड वेगळी असते, पडद्याच्या धमनीलाच फुगा येऊन तो फुटलेला असतो.

आता डोळ्याच्या आत डोकावणं 1851 पासून, हेल्महोल्ट्झने ऑफ्थॅल्मोस्कोप आणला तेव्हापासून शक्य होतं. पण हा फुगा बीपीवाल्यांना जास्त होतो, आणि रीवा-रोचीचा दंडाला बांधायचा पट्टा आला 1896 ला, म्हणजे पहिली पंचेचाळीस वर्षं डोळ्यात बघता येत होतं पण बीपी मोजायची सोपी सोयच नव्हती, मग दोन्हीचा संबंध जुळणार कसा! त्यात डायबेटिसमध्ये बारीक केशवाहिन्यांना येणारे छोटे फुगे वेगळे आणि मोठ्या धमनीचा हा वेगळा. 1973 ला अमेरिकेत डेनिस रॉबर्टसन यांनी याला मॅक्रोॲन्युरिझम (म्हणजे मोठा फुगा) म्हणून वेगळं काढलं. पेशंट बहुतेक साठीच्या पुढचे, त्यातही बायका जास्त.

त्याच्या थोडं आधी एक मजेशीर प्रकार झाला होता. इंडियाना युनिव्हर्सिटीत नोवोत्नी आणि आल्विस या दोन पोरांनी (तेव्हा शिकतच होते) हाताच्या शिरेतून फ्लुरोसीन हा चमकणारा डाय सोडून पडद्याचे फोटो काढले, पहिला पेशंट खुद्द आल्विस. डोळ्यांच्या जर्नलने पेपर परत पाठवला, शेवटी 1961 ला तो हृदयरोगाच्या जर्नलमध्ये आला. आजही ही टेस्ट केली की लघवी पिवळीधमक होते, आजी-आजोबांना आधी सांगून ठेवा नाहीतर घाबरतात.

पण गोची अशी की फुगा फुटला की रक्त पडद्याच्या पुढे, आत, मागे असं सगळ्या थरांत पसरतं आणि फ्लुरोसीनचा उजेड त्या रक्तातून बाहेरच येत नाही, म्हणजे ज्या रक्तामुळे पेशंट आला तेच मूळ कारण झाकून ठेवतं. इथे आयसीजी (इंडोसायनिन ग्रीन) हा दुसरा डाय कामाला आला, तो इन्फ्रारेड उजेडात दिसतो आणि तो उजेड रक्तातून बराच आरपार जातो. हा डाय मुळात हृदय आणि लिव्हरच्या तपासणीतला, डोळ्यांसाठी त्याचा खरा वापर वाढला 1990 च्या दशकात, डिजिटल कॅमेरे आल्यावर. ओसीटी, म्हणजे उजेडाने पडद्याचे थर दाखवणारं स्कॅन, 1991 चं, त्याने कुठल्या थरात रक्त आणि कुठे सूज ते कळायला लागलं. माझ्या मते मात्र अजूनही सगळ्यात मोठी खूण तीच, पडद्याच्या पुढेही रक्त आणि मागेही, तेही धमनीच्या वाटेवर, असं दिसलं की फुग्याची शंका घ्यायचीच.

आणि कधी कधी रक्त ओसरेपर्यंत फुगा आतल्या आत गोठून बंद झालेला असतो, मग डॉक्टरांना सापडते ती फक्त धमनीला पडलेली झेडसारखी वाकडी मोड.