घोडा आडवा पडलाय म्हणजे गेला नाही हो!

ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आमच्याकडे रिटायर झालेले टांग्याचे, वरातीचे घोडे आहेत आणि दर रविवारी कोणीतरी काकू ओरडतातच, "अहो घोडा पडलाय, डॉक्टरला बोलवा!" कारण लहानपणापासून ऐकलेलं, घोडा उभ्यानेच झोपतो, आडवा झाला की संपला. अर्धंच खरंय. पायाचे सांधे लॉक होतात म्हणून उभ्याने डुलकी काढतो, पण स्वप्नवाली गाढ झोप आडवं पडूनच, रोज साधारण अर्धा तास तरी हवी, बरेच दिवस नाही मिळाली तर उभ्याउभ्या कोसळतो. म्हाताऱ्यांचे सांधे दुखतात, म्हणून आम्ही पेंढ्याची जाड गादी घालतो. (एक तर चक्क घोरतो.) हां, सारखा लोळतोय, पोटाकडे वळून बघतोय, घामाघूम झालाय तर पोटशूळ असू शकतो, तेव्हा खरंच डॉक्टरला बोलवा.