मनिला ‘जिंकली’ म्हणजे नेमकं काय झालं?

१८९८ मध्ये अमेरिकेनं स्पेनशी लढून मनिला जिंकली आणि स्पेनच्या ताब्यातलं फिलिपिन्स स्वतंत्र केलं, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. यातली ‘लढाई’ आधी ठरवून झाली होती आणि स्वातंत्र्य तर मिळालंच नाही.

१ मे रोजी अमेरिकी नौदल अधिकारी ड्यूईच्या आरमारानं मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश जहाजं बुडवली, हे खरंच. पण जमिनीवर शहराला वेढा घातला होता क्रांतिकारक नेता अॅगिनाल्डोच्या फिलिपिनो सैन्यानं. १२ जूनला त्यानं स्वातंत्र्यही जाहीर केलं होतं. स्पॅनिश गव्हर्नर हाउदेनेसला शरण तर जायचं होतं, पण फिलिपिनोंपुढे नाही. बेल्जियमच्या वाणिज्यदूतामार्फत अमेरिकेशी बोलणी झाली आणि लुटुपुटूची लढाई ठरली. १३ ऑगस्टला अमेरिकी जहाजांनी सान अंतोनियो अबाद किल्ल्यावर तोफा डागल्या, ‘शरण या’ असा निशाणांचा इशारा दिला आणि तटावर पांढरं निशाण चढलं. स्पेनची अब्रू राखायला एवढं पुरे! या नाटकातही माणसं मेली, आणि फिलिपिनोंना शहराबाहेरच अडवलं गेलं.

गंमत म्हणजे वॉशिंग्टनमध्ये आदल्याच दिवशी युद्धबंदीवर सह्या झाल्या होत्या. संदेश नेणारी समुद्राखालची तार ड्यूईनंच कापलेली, मग बातमी पोहोचणार कशी?

डिसेंबरच्या पॅरिस तहात स्पेननं २ कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स अमेरिकेला दिलं. वाटाघाटींत फिलिपिनोंना जागा नव्हती. फेब्रुवारी १८९९ मध्ये अमेरिकेचं त्यांच्याशीच युद्ध सुरू झालं.