घोडबंदरच्या ट्रॅफिकमधे टायमिंग बेल्ट मीटरपेक्षा जास्त पळतो

मागच्या पावसाळ्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, कासारवडवलीच्या अलीकडे माझी आठ वर्षं जुनी डिझेल गाडी चालता चालता एकदम बंद पडली. ना धूर ना खडखड, ना आधी कुठला दिवा लागला, नुसतं इंजिन गेलं. मी दोनदा सेल्फ मारला तर नेहमीचा दम लागल्यासारखा घर्रघर्र आवाज नाही, इंजिन आपलं सूंऽऽ करून हलकं फिरतंय. वागळे इस्टेटमधल्या आमच्या मेकॅनिकला फोनवर तोच आवाज ऐकवला तर तो म्हणाला, "दादा, आता परत सेल्फ मारू नका, टायमिंग गेलंय. टो करून आणा."

टायमिंग बेल्ट म्हणजे दात असलेला रबरी पट्टा, आत काचेच्या धाग्यांची दोरी असते म्हणून तो ताणला जात नाही. खाली क्रँकशाफ्ट, जिला पिस्टन फिरवतात, आणि वर कॅमशाफ्ट, जी व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडते, या दोघींना तो बांधून ठेवतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोब्बर एक, कारण चार स्ट्रोकचं चक्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत पुरं होतं आणि तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो. ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना, क्रँक सेकंदाला ५० फेरे मारते, म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो, आणि हा सगळा हिशोब एका पट्ट्याच्या दातांवर चालतो.

बेल्ट तुटला की कॅम जवळपास जागच्या जागी थांबते, कारण व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तिला दाबून धरतात. क्रँक मात्र थांबत नाही, तिच्या टोकाचं चाक, फ्लायव्हील, जड असतं, गाडी गिअरमधे असेल तर चाकंही तिला फिरवत राहतात. डिझेल इंजिनमधे कंप्रेशन १६-१७ पट असतं म्हणून वर आलेला पिस्टन आणि हेड (इंजिनचं वरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर फट उरते, आणि उघडा राहिलेला व्हॉल्व्ह तर आठ-नऊ मिलिमीटर खाली आलेला असतो. मग पिस्टन त्याला खालून ठोकतो. बऱ्याच पेट्रोल इंजिनांतही हेच होतं, फक्त काहींमधे जागा सोडलेली असते म्हणून ती वाचतात. आणि मी जो दोनदा सेल्फ मारला तेव्हा बंद पडताना वाचलेल्या व्हॉल्व्हनाही मार बसायची शक्यता होती, म्हणून हे सगळ्यात आधी लक्षात ठेवा, गाडी अशी गेली की चावीला हात लावायचा नाही.

हेड उतरवल्यावर मेकॅनिकने एक व्हॉल्व्ह काढून काचेवर घरंगळवून दाखवला. नुसता हातात धरला तर सरळ वाटतो, पण काचेवर फिरताना त्याचं डोकं लटलट हलत होतं. एवढासा बाक पुरतो, व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे त्याच्या बसायच्या कडेवर, पक्का बसत नाही, कंप्रेशन निसटतं, म्हणून तर सेल्फ हलका फिरत होता. बाकीच्यांसाठी त्याने हेड कुशीवर ठेवून पोर्टमधे, म्हणजे हवेच्या वाटांमधे, रॉकेल ओतलं, जिथे रॉकेल व्हॉल्व्हच्या कडेने पाझरलं तिथले व्हॉल्व्ह गेलेले. ८ पैकी ५ निघाले.

आता माझी खरी तक्रार या किलोमीटरच्या आकड्याशी आहे. माझ्या गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ८० हजार किमी किंवा ५ वर्षं, जे आधी होईल ते (प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा, आपापलं पुस्तक बघा), आणि मीटर दाखवत होता ५४ हजार, म्हणून मी निवांत होतो. पण घोडबंदर रोडवर जाऊन-येऊन रोज अर्धा तास तरी गाडी चालू ठेवून उभं राहणं होतंच ना? आयडलला, म्हणजे उभ्या चालू गाडीत, ८०० आरपीएम धरलं तर अर्ध्या तासात क्रँकचे २४ हजार फेरे. हायवेला ८० च्या स्पीडने, २००० आरपीएमवर, एका किमीला १५०० फेरे होतात. म्हणजे बेल्टच्या दृष्टीने मी रोज जागच्या जागी १६ किमी पळत होतो, वर्षाला ३०० दिवस धरले तर ४८०० किमी, आणि आठ वर्षांत ३८ हजारांच्या वर, जे मीटरवर कुठेच नाहीत. मीटरचे ५४ मिळवा, ८० कधीच ओलांडले. वर उभ्या गाडीत बॉनेटखाली जी उष्णता कोंडते ती रबराला वेगळी पिकवते. पाच वर्षांची अट तर मी वाचलीच नव्हती, आणि ठाण्यात-नवी मुंबईत ज्यांची गाडी कमी पळते त्यांनी तीच आधी वाचायला हवी.

बरं, बेल्ट वरून बघून कळतो असंही नाही. तडे दिसायच्या आधी आतली दोरी गेलेली असू शकते. काही गाड्यांत बेल्टऐवजी चेन असते, ती ढिली झाली की बहुतेक वेळा खडखडते, बेल्ट गुपचूप जातो. १९६२ मधे जर्मनीच्या ग्लास १००४ या गाडीत, म्हणजे मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाड्यांत, तो पहिल्यांदा आला तो हलका, आवाज न करणारा आणि तेल न लागणारा म्हणूनच. कॅम किंवा क्रँकच्या सीलमधून ऑइल गळून त्याच्यावर पडलं तर रबर फुगतं, मऊ होतं, मग वर्षं मोजण्यात अर्थ नाही, तो बदलायचाच.

नुसता बेल्ट बदलू नका, त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि वाटेवर ठेवणारं आयडलर बेरिंग सोबत बदला, वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही, कारण पंपाचं बेरिंग जाम झालं की नवा कोरा बेल्टही जातो आणि मजुरी तर सगळं उघडण्याचीच असते. हे सगळं धरूनही जो खर्च येतो त्याच्या कितीतरी पट मला हेडच्या कामाला लागला.

नवा बेल्ट चढवल्यावर मेकॅनिकने लगेच स्टार्ट मारला नाही. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवलं, कुठे अडतंय का बघत, आणि खाली क्रँकवरची आणि वर कॅमवरची खूण परत जुळली तेव्हाच मला म्हणाला, "आता मारा." मग कव्हरवर त्याने मार्करने तारीख घातली, खाली किलोमीटर लिहिले आणि त्याखाली माझ्या सांगण्यावरून पुढच्या बदलीचं वर्ष.